हुकमी आठवण

निबंधबाईंच्या क्लासला एक भारदस्त नाव होतं आणि ते जिन्याच्या तोंडाशी पाटीवर रंगवलेलंही होतं. पण त्या नावानं क्लास शोधायला निघालेला माणूस दिवसभर फिरत बसला असता. आया एकमेकींना सांगायच्या, "इंग्रजीचं टेन्शन आहे ना? निबंधबाईंकडे घाला आणि निर्धास्त व्हा." मग पोरगं इस्त्रीच्या दुकानाशेजारचा जिना चढून वर यायचं आणि वर्षभरानं चांगले घसघशीत मार्क घेऊन खाली उतरायचं. मग त्याला इंग्रजी येत असो वा नसो. हे शेवटचं वाक्य बाईंच्या तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. फक्त त्यांच्या नवऱ्याची होती, आणि तो ते जेवताना अधूनमधून म्हणायचा.

बाई लबाड नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उलट तरुणपणी त्या साहित्यासाठी वेड्या होत्या. एका कवितेपायी त्यांनी पातेलंभर दूध उतू घालवलं होतं आणि सासूची बोलणी खाल्ली होती. ती कविता त्यांना अजून तोंडपाठ होती. पण कवितेवर तास घ्यावा आणि पहिल्या बाकावरून प्रश्न यावा, "मॅडम, हे किती मार्कांना येतं?" असं वर्षानुवर्षं चाललं की माणूस किती दिवस तोंड देणार? बाईंनी हळूहळू कवितेचे तीन मुद्दे केले. कवी काय म्हणतो, कसं म्हणतो आणि आपण काय शिकलो. चौथा मुद्दा लिहायचा नाही, त्यात वेळ जातो.

निबंधाला त्यांचं एक खास औषध होतं. त्याला क्लासमध्ये 'हुकमी आठवण' म्हणत. प्रत्येक मुलानं वर्षभरात आपल्या आयुष्यातला एकच प्रसंग घोटून तयार करायचा. परीक्षेत विषय प्रवासाचा येवो, पश्चात्तापाचा येवो, आवडत्या माणसाचा येवो, तोच प्रसंग जरा वळवून तिथं बसवायचा. "परीक्षकापुढे पेपरांचा डोंगर असतो," बाई सांगायच्या. "त्याला रडवा, नाहीतर तो झोपेल." आणि मुलांना हे पटायचं, कारण त्यांनाही पेपर लिहिताना झोप येतच असे.

दुसरा नियम कच्च्याचा. मुलानं पहिला खर्डा सुट्या कागदावर लिहून आणायचा. बाई त्यावर लाल पेन चालवणार. मग तिथंच बसून मुलानं तो स्वच्छ अक्षरात उतरवायचा, आणि उतरवून झाला की खर्डा सगळ्यांसमोर टराटरा फाडून कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. चुका घरी न्यायच्या नाहीत, हे बाईंचं म्हणणं. "कच्चं फाडा, पक्कं पाठ करा." पोरांना त्या फाडण्याची भारी हौस. काही जण तर फाडायला मिळावं म्हणूनच लिहीत.

त्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगी होती. सगळे तिला घुमी म्हणायचे. कुणी मुद्दाम चिडवायला ठेवलेलं नाव नव्हतं ते. ती खरंच घुमी होती, विचारलं तर बोलायची आणि बोलली की पटकन संपवायची. तिचे वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. दोन वर्षांपूर्वी एका इमारतीत काम करताना ते वरून खाली पडले आणि जागेवरच गेले. त्यानंतर मायलेकी काकांच्या घरी राहायला आल्या. आई शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसायची. रात्री सगळ्यांची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की स्वयंपाकघरात अंथरूण पडायचं आणि सकाळी काकूंचा चहा टाकायच्या आत ते गुंडाळावं लागायचं. घुमीचा अभ्यास त्या दोन वेळांच्या मध्ये.

दुसऱ्या शहरात मुलींचं एक कॉलेज होतं. तिथं राहायची सोय होती, आणि निवडीत इंग्रजीच्या मार्कांना सगळ्यात जास्त वजन होतं. घुमीच्या आईनं क्लासमध्ये नाव घालताना बाईंना एवढंच सांगितलं होतं, "मॅडम, तिला तिथं खाट मिळेल, टेबल मिळेल, आणि दार लावून घेता येईल. बाकी मला काही नको." बाईंनी बऱ्याच आयांची बरीच स्वप्नं ऐकली होती. कुणाला डॉक्टर हवा असायचा, कुणाला परदेश. दार मागणारी ही पहिलीच. ते त्यांच्या मनात घर करून राहिलं.

सुरुवातीला घुमीचे निबंध अगदीच कोरडे ठणठणीत असायचे. झाडांचे उपयोग, वेळेचं महत्त्व. बाईंनी एकदा तिला थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, ही झाडं सगळेच लावतात. तुझं स्वतःचं काहीतरी आण. खरं." घुमीनं पुढच्या वेळी आणलं.

चार-चार शब्दांची वाक्यं होती, क्रियापदं कुठल्या कुठे भरकटलेली. पण बाई वाचत गेल्या आणि पेन उघडायचं विसरल्या. सकाळी शाळेला निघताना घुमीच्या बुटांच्या लेस सुटलेल्या होत्या. वडील कामाला निघता निघता खाली बसले आणि बांधायला लागले. तेरा वर्षांची मुलगी, फाटकापाशी मैत्रिणी उभ्या. एका पायाची लेस बांधून झाली, दुसरी त्यांनी हातात घेतली, तेवढ्यात मैत्रिणी हसल्या आणि तिनं पाय ओढून घेतला. ते हसून म्हणाले, जा. ती गेली, आणि दुपारी ते लिफ्टच्या खड्ड्यात पडले. त्यानंतर बूट लहान होईपर्यंत तिनं ती बांधलेली गाठ सोडली नाही. त्या बुटात ती पाय तसाच कोंबायची.

बाई रडल्या. पोरांसमोर नाही, मागच्या खोलीत जाऊन रडल्या आणि तोंड धुऊन आल्या. मग त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. लाल पेन उघडलं, क्रियापदं ताळ्यावर आणली, फापटपसारा काढला, सुरुवात धारदार केली, शेवटाला जरा उजेड घातला. घुमीनं ते पक्कं उतरवलं आणि खर्डा फाडला. तिनं तो बाकीच्यांसारखा टराटरा फाडला नाही. घडीवर नीट बोट फिरवून, एकेक पट्टी वेगळी करत फाडला. बाईंना ते तेव्हा फक्त संथपणाचं वाटलं.

परीक्षा तोंडावर आली तशी तुकडीच्या तोंडचं पाणी पळालं. अर्ध्या मुलांची हुकमी आठवण अजून तयारच नव्हती. त्यांच्यात एक वकील होता. म्हणजे वकिली करत नव्हता, पण वाद घालण्यात कुणाला ऐकायचा नाही म्हणून वकील. तो उठून म्हणाला, "मॅडम, आमचा दोष नाही. आमच्या आयुष्यात काही घडतच नाही. आमच्या घरी सगळे जिवंत आहेत."

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. पण घरी गेल्यावर त्यांना झोप लागेना. वर्षानुवर्षं कमावलेलं नाव या एका तुकडीनं धुळीला मिळवलं तर? दुसऱ्या दिवशी जिन्यात घुमी भेटली. वर येणाऱ्या पोरांची रीघ लागली होती, खालून इस्त्रीची वाफ येत होती आणि बाईंच्या हातात दोन पिशव्या होत्या. "तुझा तो बुटाचा प्रसंग जरा नमुना म्हणून देते गं यांना," बाई म्हणाल्या. "तुझं नाव नाही घेणार. चालेल ना?" घुमीनं मान हलवली. कशी हलवली, ते बाईंनी पाहिलंच नाही. त्या पुढच्या पायरीवर होत्या.

त्या संध्याकाळी बाईंनी तो प्रसंग अख्ख्या वर्गाला सांगून लिहून घेतला. वाक्य दोनदा म्हणायचं, स्वल्पविराम मोठ्यानं सांगायचा, अशी त्यांची पद्धत होती. आवाज त्यांचा मुळात गोड. त्या दिवशी तो आणखी लागला. "हा फक्त नमुना आहे," त्यांनी बजावलं. "यात तुमचं घाला, बदला, फिरवा. आणि हे बघा, कुणीही फादर लिहायचं नाही. तुमचे वडील खाली स्कूटरवर तुमची वाट बघतायत, त्यांना उगीच मारू नका. ग्रँडफादर लिहा, अंकल लिहा, काय वाटेल ते लिहा." पुन्हा हशा पिकला आणि माना खाली घालून सगळे भराभर लिहायला लागले.

कुणीही काहीही बदललं नाही. पोरांना बदलायला शिकवलंय कुणी?

परीक्षेत विषय आला: मला परत हवीशी वाटणारी एक साधी सकाळ. मुलं पेपर देऊन आली ती नाचतच. वकिलानं बाईंना वाकून नमस्कार केला. घुमी म्हणाली, "बरा गेला," आणि तिच्या दृष्टीनं ते भाषणच होतं. बाईंनी त्या दिवशी नवऱ्याला सांगितलं, "एवढी पोरगी त्या घरातून सुटली की मी निवांत झाले."

निकाल लागला आणि बाईंच्या क्लासच्या मुलांच्या नावांपुढे मार्कांचा आकडाच नव्हता. राखून ठेवलाय, एवढंच. मग मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. एकाच केंद्रावरच्या बऱ्याच उत्तरपत्रिकांत एकच निबंध सापडला होता. त्याच शब्दांत, त्याच स्वल्पविरामांसकट. परीक्षा मंडळाची दोन माणसं चौकशीला येणार होती.

बाईंनी ते नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यानं सवयीनं थट्टा केली, "म्हणजे साथच आली म्हणायची. गावातल्या सगळ्या आजोबांना बूट बांधतानाच गाठलं." मग त्यानं बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उठून चहा टाकला.

संध्याकाळपर्यंत जिना पालकांनी भरला. कुणी रडत होतं, कुणी बाईंच्या अंगावर येत होतं. वकिलाचे वडील पोरापेक्षा पक्के निघाले. त्यांनी नियम काढून आणले होते. "परीक्षेच्या खोलीत एकमेकांचं पाहिलं असं ठरलं तर पोरांचं वर्ष जातं," ते म्हणाले. "क्लासमध्ये दिलेला नमुना पाठ करून लिहिला असं ठरलं तर फक्त त्या निबंधाचे मार्क जातात. तेव्हा मॅडम, तुम्ही एवढंच सांगा की नमुना तुमचा. सगळे सुटतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. निबंधाचे मार्क गेले तरी त्यांची मुलं पास होत होती. पुढच्या वर्षी क्लासला पोरं पाठवायची की नाही, ते नंतर बघता येणार होतं.

सगळे पांगल्यावर घुमीची आई आली. कामावरून तशीच आली होती. बाहीला निळ्या दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले होते. ती खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"मॅडम, बाकीच्यांचं मला कळत नाही. पण हिचं तर खरंच आहे ना? हिच्याच बाबांचं आहे. मग हिचे मार्क कसे जातील?"

"नाही जाणार," बाई म्हणाल्या. "मी सांगते त्यांना. माझ्या तोंडानं सांगते."

"तिथं जागा भरत आल्यात म्हणतात. निबंधाचे मार्क गेले तर हिचा नंबर लागत नाही."

"सांगितलं ना मी."

बाईंनी हे मनापासून सांगितलं होतं. रात्रभर त्यांनी मनाशी वाक्यं जुळवली आणि एकदाही स्वतःला वाचवायचा विचार केला नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. क्लास बंद पडला तर पडला. दोन माणसांना पुरेल एवढं घरात होतं.

चौकशी शाळेच्या वाचनालयात होती. मंडळाकडून एक वयस्क साहेब आले होते आणि एक तरुण अधिकारी बाई. साहेब वैतागलेले होते, कारण सकाळपासून ते पोरांची तीच ती रडगाणी ऐकत होते. निबंधबाई समोर बसल्या आणि त्यांनी एका दमात सांगितलं. नमुना मी दिला. मुलांनी एकमेकांचं पाहिलेलं नाही. आणि तो नमुनाही माझा नव्हे, माझ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिच्या वडिलांच्या शेवटच्या सकाळचा. मी तिच्याकडून घेतला आणि सगळ्यांना वाटला. दोष असेल तर माझा आहे. तिचे मार्क कापू नका, तिनं स्वतःचं लिहिलंय.

"तिच्या हातचं मूळचं काही आहे?" साहेबांनी तिचं नाव लिहून घेत विचारलं.

"नाही. माझ्या शब्दांतलं पक्कं सगळ्यांच्याच वहीत आहे, आणि कच्चं आमच्याकडे फाडतात."

"छान," साहेब म्हणाले. त्यांनी गठ्ठ्यातून एक उत्तरपत्रिका ओढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पानावर बोट ठेवून बाईंकडे सरकवली. "ही तिची. वडिलांची शेवटची सकाळ म्हणता ना? वाचा. हिनं ग्रँडफादर लिहिलंय."

बाईंनी वाचलं. घुमीचंच अक्षर होतं, किंचित डावीकडे झुकलेलं. खाडाखोड नव्हती. ग्रँडफादर खाली बसले, ग्रँडफादरनी लेस बांधली, ग्रँडफादर दुपारी गेले. काय झालं ते त्यांना लगेच कळलं, समजून घ्यायला काहीच वेळ लागला नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

घुमीला आत बोलावलं. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"तुझे आजोबा कधी वारले?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मी पाहिलेच नाहीत."

"मग इथं आजोबा का लिहिलेस?"

"मॅडमनी सांगितलं होतं. कुणीही फादर लिहायचं नाही."

"अगं, ते तुझ्यासाठी नव्हतं!" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "तुला कसं सांगेन मी तसं?"

घुमीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "सगळ्यांना म्हणालात," ती म्हणाली. "मी होते ना तिथं."

बाईंना त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. शेवटच्या बाकावर ती मान खाली घालून बसली होती, बाकीचे हसत होते, आणि आपण तिच्या बापाच्या मरणातले स्वल्पविराम मोठ्यानं सांगत होतो. ती होती तिथं. आपल्याला ती दिसलीच नाही.

अधिकारी बाई भल्या होत्या. त्यांनी साहेबांच्या कानाशी काहीतरी म्हटलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि खांदे उडवले. मग त्या घुमीकडे वाकल्या.

"हे बघ, मला वाटतं की हे तुझंच आहे. पण माझ्या वाटण्यावर काही होत नाही, मला लिहून घ्यायला काहीतरी लागेल. तू मला त्या सकाळची एक गोष्ट सांग, जी या निबंधात नाही. कुठलीही चालेल. बाबांनी कुठला शर्ट घातला होता, काय म्हणाले, तू काय खाल्लंस. छोटीशी सांग. एवढंसं पुरेल मला."

सोपं होतं. बाईंचा जीव भांड्यात पडला. असं काहीतरी तर कुणालाही सांगता येईल.

घुमीनं डोळे मिटले. मग हळूहळू बोलायला लागली, आणि तिच्या तोंडून इंग्रजी निघालं. सरळ, शुद्ध, स्वल्पविरामाला नेमकं थांबून, निबंधातलंच पहिलं वाक्य. ती थांबली. मान झटकली आणि मराठीत सुरू केलं. "त्या सकाळी हवा स्वच्छ होती आणि रस्त्यावर..." ती परत थांबली. तेही निबंधातलंच होतं. निबंधातलं म्हणजे बाईंचं. सुरुवात धारदार करताना त्यांनीच ती हवा तिथं घातली होती.

"घाई नाही," अधिकारी बाई म्हणाल्या.

बाईंना खुर्चीत बसवेना. त्यांना आठवत होतं. लाल रेघांखाली गेलेलं सगळं आठवत होतं. "मी सांगू का?" त्या म्हणाल्या. "तिच्या खर्ड्यात होतं, मीच खोडलं. त्यात लिहिलं होतं की..."

"तुम्ही नको," साहेब कडक आवाजात म्हणाले. "तुम्ही पुष्कळ सांगितलंय."

घुमीनं आणखी बराच वेळ डोळे मिटून प्रयत्न केला. शेवटी तिनं डोळे उघडले.

"मला आधी आठवायचं," ती म्हणाली. "खूप आठवायचं. आता आठवायला गेलं की मॅडमचा आवाज येतो."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. साहेबांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. पोरांची वर्षं वाचली होती, वकील सुटला होता, सगळे सुटले होते. निबंधाचे मार्क सगळ्यांचे कापले. त्यात घुमी आलीच.

बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून लाकडी बाक होतं. घुमी तिथं जाऊन बसली. पायात साध्या चपला होत्या. आई कारखान्यातून सुटून यायला अजून वेळ होता. तिला काय सांगायचं, हा प्रश्न घुमीच्याही डोक्यात होता आणि बाईंच्याही. बाई तिच्याशेजारी टेकल्या. माफी मागायची म्हणून आल्या होत्या. पण तोंड उघडल्यावर माफीसाठी जे शब्द आले ते इतके घोटीव होते, पहिलं वाक्य, मधलं वाक्य, शेवटी उजेड, की त्यांना स्वतःचीच किळस आली. त्यांनी ते शब्द गिळले. मग म्हणाल्या,

"तू लिहिलं होतंस की त्यांच्या हाताला ग्रीसचा वास यायचा. साबण लावला तरी जायचा नाही."

घुमीनं मान वळवली.

"मी खोडलं ते. आणि लिहिलं होतंस की ते खाली बसले तेव्हा त्यांचा गुडघा कटकन वाजला, आणि ते म्हणाले, म्हातारा झालो."

"हो?" घुमी म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"हो. आणि आदल्या रात्री तुमचं भांडण झालं होतं. तुला सहलीला जायचं होतं, ते नको म्हणाले होते. तू सकाळपासून त्यांच्याशी बोलत नव्हतीस. ते बुटापाशी बसले ते तुला बोलतं करायला. हेही मी काढलं. मला वाटलं, परीक्षकाला मुलगी आवडायला हवी."

घुमीचे डोळे भरून आले होते, पण ती रडत नव्हती. कुणीतरी लांबून हाक मारतंय आणि नीट ऐकू येत नाही, तशी ती बसली होती. "सहल," ती पुटपुटली. "तलावावर होती. हो. मी बोलत नव्हते त्यांच्याशी." तिनं बाईंचा हात धरला. वर्षभरात तिनं कुणाला हात लावलेला बाईंनी पाहिला नव्हता. "आणखी काय होतं, मॅडम? आणखी सांगा ना."

बाईंनी आठवून आठवून सांगितलं. डब्याच्या झाकणाला वडिलांनी रबर लावलं होतं, ते सांगितलं. आणखी एक ओळ होती, ती अर्धीच आठवली, तर अर्धीच सांगितली. आपल्याकडून भर पडू नये म्हणून शब्द तोलून तोलून सांगितले. आयुष्यात पहिल्यांदाच त्या एखाद्या मुलाचं लिहिलेलं जसंच्या तसं म्हणत होत्या.

"आणि बांधला तो उजवा पाय ना?" घुमीनं विचारलं. "उजवाच मला दिसतो. उजव्या बुटाची गाठ."

बाईंना हो म्हणता आलं असतं. पोरीला तेवढंच हवं होतं, आणि हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण उजवा हा शब्द त्यांचा होता. नेमकं लिहा, नेमकं लिहिलं की चित्र उभं राहतं, असं त्या रोज सांगायच्या, आणि त्या दिवशी लाल पेनानं त्यांनीच तो दोन शब्दांच्या मध्ये वर लिहिला होता.

"उजवा मी घातला गं," त्या म्हणाल्या. "तू नुसतं पाय लिहिलं होतंस."

घुमीनं त्यांचा हात सोडला. तिनं खाली पाहिलं. चपलेतला एक पाय जरा पुढे केला, मागे घेतला, मग दुसरा पुढे केला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"मग कुठला, मॅडम?" तिनं विचारलं.